थंडी हुलकावणी देते तेव्हा परसातली झाडं

डिसेंबर उजाडला तरी रात्री पंखा लागतो. जानेवारीत चार दिवस गारवा येतो आणि गोधडीची घडी मोडेपर्यंत निघूनही जातो. फेब्रुवारीच्या दुपारी अंगणात अनवाणी उभं राहवत नाही. महाड-पोलादपूरकडच्या माणसांना आता याचं नवल वाटेनासं झालं आहे. भारतीय हवामान विभागाकडे १९०१ पासूनच्या नोंदी आहेत. त्यांत देशाच्या सरासरी कमाल तापमानाचा उच्चांक फेब्रुवारी २०२३ने केला आणि सरासरी तापमानात २०२५चा फेब्रुवारी सर्वांत उष्ण ठरला. दोन्ही वर्षी कोकणाला ऐन फेब्रुवारीत उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला.

आपण पंखा लावतो, सावलीला बसतो. परसातला आंबा, फणस, मोगरा, अनंत यांना जागचं हलता येत नाही. वर्षानुवर्षं एकाच मातीत उभी असलेली ही झाडं हवेच्या खुणा ओळखून वागतात. कधी थांबायचं, कधी पालवायचं, कधी मोहोरायचं, हे त्यांना थंडी सांगते. थंडीच आली नाही तर झाड गोंधळतं आणि नेमकं त्याच वेळी आपण प्रेमापोटी त्याला जास्त पाणी घालतो, खत देतो, छाटतो. त्याने नुकसान वाढतं. उबदार हिवाळ्यात झाडाला चालना देऊ नये, त्याला शांत राहू द्यावं आणि त्याची मुळं गार ठेवावीत. हे कसं करायचं, ते सविस्तर पाहू.

आपल्या खोऱ्यातलं ऊन

श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या बागांना समुद्र सांभाळून घेतो. तिथे दिवस फार तापत नाही, रात्र फार गारठत नाही. महाड सावित्रीच्या खोऱ्यात, समुद्रापासून बरंच आत आहे. पोलादपूर तर आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, थेट सह्याद्रीच्या कुशीत. त्यामुळे आपल्याकडे दुपार कडक आणि पहाट गार, असा मोठा फरक असतो. पहाटेचा हा गारवा हीच आपल्या झाडांची खरी थंडी.

हिवाळ्यात ती दोन कारणांनी हुकते. आकाशात ढग राहिले तर दिवसा तापलेल्या जमिनीची ऊब रात्री वर निघून जात नाही आणि पहाटेचा गारवा पडत नाही. दुसरं कारण पूर्वेचा वारा. घाटमाथ्यावरून खाली उतरताना हवा दाबली जाऊन तापते आणि समुद्राकडून येणारा वारा उशिरा पोचतो. अशा दिवशी बिरवाडी, वरंध, कापडे या भागात दुपारी झळा लागतात. कुडपणसारखं उंचावरचं गाव याच काळात बरंच थंड असू शकतं. म्हणून शेजारच्या गावात काय चाललं आहे यावर आपलं वेळापत्रक ठरवू नका, आपल्या परसातली पहाट बघा. कमाल-किमान तापमापक फार महाग नसतो. तो पडवीत, सावलीत टांगा आणि पहाटेचा आकडा लिहून ठेवा.

आंब्याचा शेंडा वाचायला शिका

बहुतेक घरांचा जीव परसातल्या आंब्यात असतो, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करू. फांदी पक्व असेल आणि रात्रीचं तापमान बरेच दिवस २० अंशांच्या खाली, शक्यतो १५ ते १८च्या आसपास राहिलं, तर शेंड्यावरचा डोळा मोहोराकडे वळतो. रात्री उबदारच राहिल्या तर तोच डोळा पालवी फेकतो.

डिसेंबरमध्ये हाताशी येणारी एखादी फांदी खाली ओढून पाहा. पानं गडद हिरवी, जाडसर असतील आणि दुमडल्यावर कडकन मोडत असतील, तर फांदी तयार आहे. तिच्या टोकाचा डोळा फुगीर, गोलसर दिसू लागला की मोहोराची आशा धरा. तेच टोक निमुळतं आहे, त्यातून तांबूस, लुसलुशीत, खाली लोंबणारी पानं निघताहेत, तर झाडाने पालवी धरली. कधी एकाच शेंड्यावर दोन्ही दिसतं, बुडाशी पानं आणि वर मोहोर. झाडाला मिळालेली थंडी अपुरी होती, याची ती खूण.

लांबलेल्या पावसाने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पालवी आली असेल तर त्या फांद्या त्या हंगामात बहुधा मोहोरत नाहीत. तिथे काही करू नका. ती पालवी पक्व होऊ द्या, पुढच्या वर्षी तीच फळ देईल. मात्र कोवळ्या पालवीवर तुडतुडे आणि शेंडा पोखरणारी अळी हमखास येते. सुकलेला, वाकलेला शेंडा दिसला तर किडीच्या खाली दोन बोटं कापून जाळून टाका. एवढीच छाटणी या दिवसांत चालते.

खत, पाणी आणि कात्री आवरा

झाड मोहोरत नाही म्हणून युरिया किंवा शेणखत टाकणं ही सर्वांत मोठी चूक. नत्र मिळालं की झाड आणखी पालवतं आणि मोहोर आणखी दूर जातो. आंबा, फणस, कोकम यांच्या खताची वेळ पावसाळ्याच्या सुरुवातीची. हिवाळ्यात खताची गोण बांधून ठेवा.

पाण्याचंही तेच. पाऊस संपल्यावर मोठ्या आंब्याला मोहोर येऊन फळ धरेपर्यंत पाणी देऊ नये. जमीन हळूहळू सुकणं हाही झाडासाठी थांबण्याचा इशारा असतो. रात्र उबदार आणि त्यात मुळाशी पाणी, म्हणजे पालवीला आमंत्रणच. न्हाणीघराचं किंवा मोरीचं सांडपाणी आंब्याच्या बुंध्याशी सोडलेलं असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबर ते केळी, अळू किंवा नारळाकडे वळवा. ज्या घरी मोरीकाठचा आंबा नेहमी हिरवागार असतो पण धरत नाही, त्यांनी हा बदल एक वर्ष करून पाहावा.

तिसरी गोष्ट कात्री. हिवाळ्यात मोठी फांदी छाटली की उबदार हवेत तिथून धुमारे फुटतात आणि खोडाचा उघडा पडलेला भाग उन्हाने भाजतो. छाटणी फळं उतरल्यावर, पावसाच्या आधी करा आणि जखमेवर बोर्डोपेस्ट लावा.

मुळं गार ठेवा

पान तापतं ते दिसतं, माती तापते ते दिसत नाही. फेब्रुवारीत उघडी, कातळासारखी झालेली माती दुपारी हाताला चटका देते आणि अन्नपाणी शोषणारी बरीचशी बारीक मुळं याच वरच्या थरात असतात. त्यांना वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आच्छादनाचा.

भाताचा पेंढा, तूस, सुकं गवत, पातेरा, नारळाची सोडणं, जे मिळेल ते फांद्यांच्या घेराखाली चार बोटं ते वीतभर जाडीने पसरा. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी चढते आणि साल कुजते. झोडणी संपली की पेंढा गुरांसाठी लागतो, हे खरं. पण वैरणीतला टाकाऊ भाग आणि झाडाखाली जमणारा पातेरा एवढ्यानेही काम होतं. राब भाजायला सगळाच पालापाचोळा गोळा करू नका, परसासाठी काही ओझी बाजूला ठेवा.

महाड शहरात आणि नदीकाठच्या गावांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. २०२१च्या जुलैतल्या महापुराने अनेक परसांत गाळाचा थर टाकला. असा गाळ सुकला की त्याला घट्ट पापुद्रा धरतो, भेगा पडतात आणि त्या भेगांतून ओल उडून जाते. तिथे आच्छादनाआधी खुरप्याने वरचा दोन बोटं थर हलका करा, त्यात तूस आणि कुजलेला पातेरा मिसळा. खोल खणू नका, मुळं तुटतील.

आणि एक इशारा. जानेवारीपासून आपल्या डोंगरांवर वणवे लागतात. हिवाळा उबदार असेल तर गवत लवकर सुकतं आणि आग लवकर पसरते. डोंगराच्या कडेला घर असेल तर वईच्या आतून आणि बाहेरून पाच-सहा फूट रुंदीचा पट्टा गवत काढून पूर्ण साफ ठेवा. आच्छादन या पट्ट्याच्या आतच, वईपासून लांब असू द्या. शेजाऱ्यांशी बोलून हे काम वाडीने एकत्र केलं तर सगळ्यांची झाडं वाचतात.

मोहोर आल्यानंतर

मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक फवारू नका. आंब्याचं परागीकरण माश्या आणि मधमाश्या करतात, त्या मेल्या तर फळ कुठून धरणार? मोहोर बाहेर पडत असताना हातात धरून हलवा. टिकटिक आवाज करत बारीक किडे उडाले आणि पानांवर चिकट रस दिसला, तर तुडतुडे आहेत. घरच्या एखाद-दुसऱ्या झाडाला मोहोर उमलण्याआधी ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी आणि आतल्या दाट, वाळक्या काटक्या काढून हवा खेळती ठेवणं, एवढ्याने बराच आवर बसतो.

मोहोरावर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. त्यावर विद्राव्य गंधक वापरतात, साधारण १० लिटर पाण्यात २० ग्रॅम. पण उबदार हिवाळ्यात सावध राहा. तापमान ३२ अंशांच्या वर गेलं की गंधकाने मोहोर आणि पानं करपतात. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा आणि त्या दिवशी झळा लागत असतील तर पुढे ढकला.

फळ वाटाण्याएवढं झालं की मात्र पाण्याचा हात मोकळा करा. वाटाण्यापासून अंड्याएवढं होईपर्यंत मोठ्या झाडाला पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा १५० ते २०० लिटर पाणी द्यावं, अशी शिफारस आहे. घरच्या भाषेत एका वेळी दहा-बारा हंडे. पाणी बुंध्याशी ओतू नका, फांद्यांच्या टोकांखाली गोल आळं करून संध्याकाळी द्या. ज्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे एवढं पाणी झाडाला देणं शक्य नसतं. अशा ठिकाणी आच्छादन दुप्पट जाड करा आणि भांडी विसळलेलं, भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी साठवून दर दोन-तीन दिवसांनी आळ्यात टाका. साबणाचं दाट पाणी टाळा.

कधी उबदार दिवसांनंतर फेब्रुवारीत अचानक थंडी पडते आणि फळं धरलेल्या झाडाला पुन्हा मोहोर येतो. नवा मोहोर अन्न ओढून घेतो आणि आधीची बाळकैरी गळते. परसातल्या झाडाला हाताशी येणारा असा नवा मोहोर खुडून टाका. कलमांची बाग असेल तर मोहोर उमलल्यावर जिब्रेलिक ॲसिडच्या फवारणीची शिफारस दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ करतं. त्याचं प्रमाण आणि वेळ तज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

तापलेल्या जमिनीच्या झळांनी हापूसमध्ये साका वाढतो. आच्छादनाने तोही कमी होतो. फळं सकाळी उतरवा आणि उतरवलेली घटकाभरही उन्हात ठेवू नका.

फणस, कोकम, काजू, नारळ

फणसाला फळं खोडावर धरतात, म्हणून खोडाला सावली हवी. बाजूच्या झाडांची छाटणी करून त्याचं खोड उघडं पाडू नका. कोकम मुळात सावलीचं, ओलाव्याचं झाड. उबदार हिवाळ्यात पानं पिवळट दिसली तर खत न देता आधी आच्छादन वाढवा. काजूच्या कोवळ्या पालवीवर आणि मोहोरावर ढेकण्या येतो, शेंडे काळे पडून सुकतात. आठवड्यातून एकदा फिरून शेंडे पाहा. नारळ मात्र या सगळ्यांत वेगळा. त्याला विश्रांती नसते, त्याला हिवाळ्यातही नियमित पाणी लागतं. पाणी तुटलं तर बोंडगळ होते आणि तिचा फटका पुढे कित्येक महिने दिसत राहतो.

मोगरा, अनंत, गुलाब, शेवंती

मोगऱ्याला डिसेंबरमध्ये पाणी कमी करून छाटतात, म्हणजे मार्चपासून बहर धरतो. थंडी नसली की तो जानेवारीतच चार-दोन फुलं देतो आणि आपण खूश होऊन छाटणी टाळतो. असं करू नका. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत झुडूप निम्म्यावर आणा, पानं काढा, आठवडाभर पाणी तोडा. नवे फुटवे दिसले की शेणखत आणि पाणी सुरू करा. फेब्रुवारी उजाडल्यावर मात्र कात्री लावू नका. तेव्हा फुटव्यांवर कळ्या धरू लागलेल्या असतात.

अनंताला कळी धरायला गार रात्र लागते. ती मिळाली नाही, किंवा कळ्या आल्यावर माती एकदा कोरडी आणि एकदा चिखल अशी झाली, तर कळ्या पिवळ्या पडून गळतात. त्याला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा द्या. कुंडीत असेल तर कळ्या आल्यावर कुंडी हलवू नका. माती कायम दमट ठेवा.

गुलाब उबदार हवेत लवकर उमलतो, फूल लहान राहतं आणि दोन दिवसांत पाकळ्या झडतात. त्यासाठी जादा खत देऊ नका. पानं फिकट, ठिपकेदार दिसली तर पान उलटून बघा. बारीक जाळी आणि लालसर कण म्हणजे लाल कोळी. सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा सलग काही दिवस मारला की तो आटोक्यात येतो.

शेवंतीची कळी लहान दिवसांवर धरते, पण रात्र गरम असली तर ती लांबते आणि रंग फिका पडतो. फुलं संपली की दांडे वीतभर ठेवून कापा आणि बुडाशी येणारे मुनवे सावलीच्या वाफ्यात हलवा. पुढच्या वर्षीची शेवंती या मुनव्यांतूनच येणार. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला तर आधी मुंग्यांची वाट बंद करा, कारण मुंग्याच त्याला या फांदीवरून त्या फांदीवर नेतात. मग सौम्य साबणाच्या पाण्याने फांद्या धुवा.

मातीखालचे कंद

हळद, सुरण, सोनटक्का ही परसातली कायमची पाहुणी मंडळी. हिवाळ्यात हळदीचं पान पिवळं पडून आडवं होतं, सुरणाचा दांडा वाळतो. त्यांना विश्रांती हवी असते, म्हणून या काळात वाफ्याला पाणी देऊ नका. १ डिसेंबर २०२१च्या सुमारास कोकणात जसा अवकाळी पाऊस झाला, तसा पाऊस आणि त्यामागे ऊब, असं झालं की कंद वेळेआधी डोळा फोडतो. पुढचे पाच महिने त्याला पाऊस नसतो, कोंब सुकतो आणि कंद आतून पोकळ होतो.

बियाण्याचे कंद काढून पडवीच्या गार, हवेशीर कोपऱ्यात कोरड्या वाळूत किंवा पातेऱ्यात ठेवा. पत्र्याखाली ठेवू नका. महिन्यातून एकदा उलटून बघा, मऊ पडलेले काढून टाका. फेब्रुवारीतच सुरणाला बोटभर कोंब आला तर तो मोडू नका. झाडाच्या सावलीत लावा, वर जाड आच्छादन घाला आणि पाऊस येईपर्यंत आठवड्याला तांब्याभर पाणी द्या.

कोवळी कलमं आणि कुंड्या

दोन-तीन वर्षांच्या कलमांना उबदार हिवाळा सर्वांत जड जातो. त्यांची मुळं अजून खोल गेलेली नसतात. नैर्ऋत्येच्या बाजूला झावळ्यांचा आडोसा करा, खोडाला चुन्याचा हात द्या, आठवड्याला दोनदा पाणी द्या. मोठ्या झाडाला पाणी तोडायचं, लहान कलमाला तोडायचं नाही, हा फरक विसरू नका. कलमाला मोहोर आला तर पहिली तीन-चार वर्षं तो खुडा. जोडाच्या खालून फुटलेला धुमाराही काढून टाका, तो कलमाचा नसतो.

कुंड्या स्लॅबवर किंवा पत्र्यालगत असतील तर भांडंच तापून मुळं शिजतात. त्या जवळजवळ ठेवा, खाली फळी किंवा विटा द्या आणि दुपारनंतर सावली येईल अशा पूर्वेच्या बाजूला न्या. पाणी पहाटे द्या.

पुढच्या वर्षांसाठी

एकच जात, एकाच वेळी मोहोरणारी, ही बदलत्या हवेतली मोठी जोखीम आहे. रायवळ आंब्याचं प्रत्येक झाड बियांपासून आलेलं, म्हणून वेगळं. कुणी डिसेंबरात मोहोरतं, कुणी फेब्रुवारीत. एका वर्षी एकाची वेळ हुकली तर दुसरं हात देतं. हापूसच्या जागेसाठी जुना रायवळ तोडण्याआधी हा विचार करा. जागा असेल तर कोकण कृषी विद्यापीठाच्या रत्ना किंवा सिंधूचं एखादं कलम लावा. रोह्याजवळ किल्ला इथे रायगडचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे सल्ला मिळतो. हवामान विभागाचं ‘मेघदूत’ हे अ‍ॅप मराठीतही आहे, त्यावर जिल्ह्यानुसार शेतीचा सल्ला आणि पुढच्या काही दिवसांचा अंदाज दिसतो. फवारणी किंवा पाणी ठरवण्याआधी तो बघायची सवय लावा.

एक वही घाला. पहाटेचं तापमान, पहिला मोहोर कधी, पालवी कधी, फळगळ कधी, पहिलं मोगऱ्याचं फूल कधी, एवढंच लिहा. दोन-तीन हंगामांत आपल्या परसाचं असं वेळापत्रक तयार होईल, जे कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. ते शेजाऱ्यांनाही दाखवा, कारण एका वाडीची हवा सारखी असते आणि चूकही बहुधा सगळ्यांची एकच होते.

सुरुवात या आठवड्यातच करा. आंब्याचे चार शेंडे हातात घेऊन पाहा, पातेरा गोळा करून आळ्यांत पसरा, डोंगराकडची वई साफ करा आणि खताची गोण पावसाळ्यापर्यंत उघडू नका.